ॲम्प्लिफायर उडालाय हे आधी सिद्ध होऊ द्या, मग पैसे द्या

प्रश्न: माझी सात सीटर गाडी टूरिस्ट परवान्यावर आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी भाविकांची भाडी मारतो. गाडीत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आहे. पुढच्या दारांतले दोन स्पीकर आणि मागचा वूफर त्याच्यावरच चालतात. मध्यंतरी जुना स्टीरिओ काढून अँड्रॉइडवाला बसवला, त्याच वेळी सीट कव्हर आणि फ्लोअरिंगही करून घेतलं. तेव्हापासून आवाज बंद आहे. स्क्रीन चालू, गाणं पुढे सरकताना दिसतं, पण स्पीकरमधून काहीच नाही. फ्यूज बघितला, चांगला आहे. मुलगी म्हणते एकदा एफएमवर आवाज आला होता, पण मला वाटतं तिला भास झाला. दुकानदार म्हणतात, ॲम्प उडाला, नवा नऊ हजारांचा बसेल, दोन हजार ॲडव्हान्स द्या. आषाढी तोंडावर आहे, वाटेत अभंग लागले नाहीत तर गिऱ्हाईक नाराज होतं. ॲडव्हान्स देऊ का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: ॲडव्हान्स आत्ता देऊ नका. त्याआधी मुलीला शेजारच्या सीटवर बसवा आणि तिने काय ऐकलं ते नीट विचारा. तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत उपयोगाचं वाक्य तिचं आहे. उडालेला ॲम्प एफएमवर वाजतो आणि पेनड्राइव्हवर गप्प बसतो, असं होत नाही. तो दोन्हीकडे गप्प बसतो. एफएमवर आवाज आला असेल, मग तो एकदाच का असेना, तर तुमचा ॲम्प जिवंत असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

दुसरी गोष्ट, तुम्ही सगळं लिहिलंत, पण ॲम्पवर दिवा लागतो का आणि कुठल्या रंगाचा लागतो, हे लिहिलं नाहीत. दुकानदारांनी तो पाहिला का, हेही पत्रात नाही. आवाज बंद असेल तेव्हा पहिली नजर त्या दिव्यावर गेली पाहिजे. दिवाच लागत नसेल तर ॲम्पपर्यंत करंट किंवा चालू होण्याचा इशारा पोचत नाही. हिरवा किंवा निळा दिवा लागून आवाज नसेल तर गाणं ॲम्पपर्यंत येत नाही, नाहीतर ॲम्पपासून स्पीकरपर्यंत जात नाही. लाल दिवा, म्हणजे प्रोटेक्टचा दिवा, लागला तर ॲम्पने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलंय. (काही ॲम्पवर पॉवरचा दिवाही लाल असतो, म्हणून दिव्याशेजारी काय छापलंय ते वाचा.) तिन्ही दुखणी वेगळी आणि तिन्हींचे उपायही वेगळे.

आज संध्याकाळी गाडी सावलीत लावा, चावी फिरवा, स्टीरिओ चालू करा आणि आकाशवाणी लावा. कुणाला तरी सीटखाली वाकून ॲम्पचा दिवा बघायला सांगा. मग स्टीरिओ पेनड्राइव्हवर आणा. एफएमवर दिवा लागला आणि पेनड्राइव्हवर येताच गेला, तर शोध तिथेच संपला. याला मीटर लागत नाही, पाना लागत नाही.

असं का होतं ते सांगतो. ॲम्पला तीन वायरी लागतात. बॅटरीकडून येणारी जाड प्लस, गाडीच्या बॉडीला जाणारी ग्राउंड, आणि स्टीरिओकडून येणारी बारीक रिमोट वायर. प्लस आणि ग्राउंड कायम जोडलेल्या असतात, पण रिमोटवर बारा व्होल्ट आल्याशिवाय ॲम्प जागा होत नाही. स्टीरिओच्या मागे बहुधा दोन निळ्या वायरी असतात. निळ्यावर पांढरी रेघ असलेली ॲम्पसाठी, आणि नुसती निळी जुन्या वर-खाली होणाऱ्या अँटेनासाठी. अँटेना फक्त रेडिओला लागते, म्हणून बऱ्याच स्टीरिओंत त्या निळ्या वायरवर फक्त रेडिओ चालू असतानाच करंट येतो. फिटरने घाईत ॲम्पची रिमोट वायर या निळ्याला जोडली, की एफएमवर सगळं वाजतं आणि पेनड्राइव्ह किंवा ब्लूटूथवर गाडी मुकी होते. तुमच्याकडे स्टीरिओ बदलला आणि आवाज गेला, हे दोन्ही एकाच वेळी घडलंय. गाडीत दिवसभर पेनड्राइव्हच लावत असाल, तर एफएमवर चालतंय हे तुमच्या कधी लक्षातही आलं नसेल.

दुरुस्ती म्हणजे स्टीरिओ बाहेर ओढून वायर बरोबर जागी जोडणं, एवढंच. पण अँड्रॉइड स्टीरिओबरोबर येणाऱ्या वायरिंगच्या रंगांवर डोळे झाकून विसंबू नका. वायरवर चिकटवलेलं लेबल असेल तर त्यावर अँटेना लिहिलंय की ॲम्प, ते वाचा आणि मग मीटरने खात्री करा. पेनड्राइव्ह चालू असताना जिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि स्टीरिओ बंद केला की जातात, ती तुमची वायर. अशी एकही वायर सापडली नाही, तर फ्यूज बॉक्समधून चावीवर येणारी प्लस घ्या आणि तिला एक छोटा फ्यूज लावा. कायम चालू असलेली प्लस मात्र रिमोटला लावू नका. ॲम्प रात्रभर जागा राहील आणि सकाळी भाडं निघायच्या वेळी सेल्फ लागणार नाही.

समजा दिवा दोन्हीकडे लागत नाही. मग माझा संशय फ्लोअरिंगवाल्यांच्या कामावर जातो. फ्लोअरिंग घालताना सीट निघतात, रेक्झिनखालून वायरी सरकवल्या जातात, सीटखालचा ॲम्प बाजूला ठेवला जातो. त्यांना त्यांचं काम करायचं असतं, आपली वायर कुठे जाते याकडे त्यांचं लक्ष असेलच असं नाही. यापुढे तुम्हाला एक साधा डिजिटल मीटर लागेल. तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि ज्याची गाडी पोटापाण्याची आहे त्याच्याकडे तो असावाच. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा. दहा ॲम्पियरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीवर टेकवलीत, तर शॉर्ट होतो.

काळं टोक ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूवर, लाल टोक प्लसच्या स्क्रूवर. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सरळ शून्यच आलं, तर लाल टोक तिथेच ठेवून काळं टोक सीटच्या रुळाखालच्या उघड्या लोखंडावर टेकवा. आता बारा व्होल्ट आले तर प्लस ठीक आहे, ग्राउंड तुटलंय. तरीही शून्य असेल तर प्लस येत नाही, म्हणजे बोनेटकडे चला.

ग्राउंडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ‘ॲम्प गेला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. ग्राउंडचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, बहुधा सीटच्या किंवा जवळच्या एखाद्या बोल्टखाली दाबलेलं असतं. फ्लोअरिंगनंतर तोच बोल्ट परत कसताना थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये रेक्झिनची कड किंवा फोमचा तुकडा अडकतो. वरून बघितलं तर बोल्ट घट्ट, वायर जागेवर, सगळं छान. खाली लोखंडाला लोखंड लागलेलंच नसतं. बोल्ट काढा, खालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, थिंबल थेट त्या उघड्या पत्र्यावर ठेवा, दातेरी वॉशर घाला आणि कसा. मग सांध्यावर थोडं ग्रीस किंवा रंग लावा, म्हणजे गंज धरणार नाही. ग्राउंडची वायर दीड फुटापेक्षा लांब नको आणि प्लसच्या वायरीपेक्षा बारीक नको. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. त्या बोल्टवर माणसाचा जीव असतो.

मीटरची बीप वाजली म्हणजे ग्राउंड चांगलं, असंही समजू नका. एक तार लागलेली असली तरी बीप वाजते, पण वूफर दणका मारतो तेव्हा त्या एका तारेतून तेवढा करंट जाऊ शकत नाही. खरी परीक्षा गाणं वाजत असताना करायची: एक टोक ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. वाचन ०.२ व्होल्टच्या आत असलं तर निश्चिंत राहा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर ग्राउंड पुन्हा करा.

आता फ्यूज. ‘फ्यूज बघितला’ असं तुम्ही लिहिलंय, पण कुठला? एक बॅटरीजवळ जाड प्लस वायरीवर असतो, एक-दोन ॲम्पच्या अंगावर असतात आणि एक स्टीरिओच्या पाठीमागे. ॲम्पवरचे पत्तीचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात, २० चा पिवळा, २५ चा पांढरा पारदर्शक, ३० चा हिरवा. नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही. पत्ती वरून सलग दिसते आणि पायाशी तडकलेली असते, किंवा होल्डरमध्ये गंज चढलेला असतो. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही बाजूंना बॉडीच्या संदर्भाने व्होल्ट मोजा. एका बाजूला बारा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, तर तो गेला.

गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच ॲम्पियरचा घाला. तोही लगेच उडाला तर थांबा. मोठा फ्यूज, तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी यांतलं काहीही घालू नका. बॅटरी शेकडो ॲम्पियर देऊ शकते आणि ती वायर तुमच्या प्रवाशांच्या पायाखालून जाते. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नसेल, तसं फिटिंग मी पाहिलेलं आहे, तर आवाजाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्या. बॅटरीच्या टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत हवा. बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते, तिथे रबरी बूच आहे का तेही बघा. नसेल तर हादऱ्यांनी पत्र्याची धार वायर कापते. ही कामं करताना बॅटरीचा मायनस आधी सोडा आणि शेवटी जोडा.

प्लस आणि ग्राउंड दोन्ही ठीक आहेत, तरी दिवा नाही, तर रिमोटच्या स्क्रूवर मोजा. तिथे बारा व्होल्टच्या आसपास हवेत. नसतील तर एक वायरचा तुकडा घेऊन ॲम्पचा प्लस आणि रिमोट हे दोन स्क्रू क्षणभर जोडून बघा. तुकड्याचं टोक ग्राउंडला किंवा बॉडीला लागता कामा नये, हातातली अंगठी काढून ठेवा. दिवा लागला तर ॲम्प शाबूत आहे आणि दोष रिमोट वायरीचा आहे. तिन्ही स्क्रूंवर व्होल्ट बरोबर आहेत, ॲम्पवरचे फ्यूज चांगले आहेत आणि तरीही दिवा लागत नाही, तेव्हाच ॲम्प आतून गेला असं मी म्हणेन.

हिरवा दिवा लागतोय पण आवाज नाही, असं निघालं तर पहिल्यांदा स्टीरिओच्या सेटिंगमध्ये जा. नव्या स्टीरिओत फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण मागे सरकलेला असतो, सबवूफर बंद असतो, म्यूट दाबलेलं असतं. पुढच्या दारांची आरसीए केबल (स्टीरिओकडून ॲम्पपर्यंत गाणं नेणारी) मागच्या आउटपुटला लावली असेल आणि फेडर पुढे असेल तर दारं गप्पच राहणार. ते ठीक असेल तर आरसीएची परीक्षा घ्या. हेडफोनच्या पिनेतून आरसीएत जाणारी केबल स्वस्तात मिळते. स्टीरिओ चालू ठेवा म्हणजे ॲम्पचा दिवा लागलेला राहील, आवाज बारीक करा, ॲम्पच्या तोंडातल्या आरसीए काढा आणि तिथे मोबाइल जोडून हळूहळू आवाज वाढवा. मोबाइलवर वाजलं तर ॲम्प, स्पीकर आणि त्यांची वायरिंग सगळं ठीक आहे. दोष आरसीए केबलमध्ये किंवा स्टीरिओत. सीटचा पाय केबलवर बसला की ती आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही.

एक कळकळीची विनंती. आवाज येत नाही म्हणून ॲम्पवरचा गेनचा, म्हणजे येणारं गाणं किती मोठं करायचं ते ठरवणारा, स्क्रू पूर्ण फिरवून ठेवू नका. तुम्ही तपासत असताना सुटलेली वायर अचानक लागली, तर पूर्ण ताकदीचा आवाज एका झटक्यात वूफरवर पडतो आणि त्याची कॉइल जळते. तपासताना गेन कमी, आवाज कमी.

मोबाइलवरही वाजलं नाही तर स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून सोडा आणि दोन टोकं पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. चांगला स्पीकर टक्‌ करतो आणि वूफरचा पडदा हललेला दिसतो. मीटरने ओहम मोजले तर चार ओहमचा स्पीकर साधारण तीन ते पावणेचार दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वायर किंवा कॉइल तुटली आहे. सगळे स्पीकर एकदम जात नाहीत. त्यामुळे तुमच्याकडे सगळंच बंद असताना स्पीकरवर माझा संशय सर्वांत कमी आहे.

लाल प्रोटेक्टचा दिवा लागला तर स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडा, आरसीएही काढा. फक्त प्लस, ग्राउंड आणि रिमोट ठेवून चालू करा. लाल दिवा गेला तर एकेक वायर परत लावत चला. जिच्यावर लाल येतो तिथे शॉर्ट आहे. सीट कव्हरची क्लिप किंवा फ्लोअरिंगचा स्क्रू वायरीतून गेला असेल, तर वायर बॉडीला लागते आणि ॲम्प लगेच प्रोटेक्टमध्ये जातो. वूफर दोन कॉइलचा असेल तर जोडणीही बघून घ्या. चार-चार ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की दोन ओहम होतात आणि चार चॅनेलच्या ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकत्र करून एकाच वूफरला जोडले, असतील तर बहुतेक ॲम्पना किमान चार ओहम लागतात. सगळं काढल्यावरही लाल दिवा राहिला, तर दोष ॲम्पच्या पोटात आहे.

आणि सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. फ्लोअरिंगवाल्यांनी रेक्झिन ॲम्पवरून ओढून घेतलं असेल, तर त्याच्या पंखांना वारा लागत नाही. ॲम्प तासाभराने बंद पडतो आणि गार झाला की पुन्हा वाजतो. तुमची तक्रार ही नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात होऊ नये म्हणून आत्ताच रेक्झिन कापून ॲम्पभोवती चार बोटं मोकळी जागा करून घ्या. ॲम्प थेट वूफरच्या डब्यावर ठोकू नका, हादऱ्यांनी आतले सोल्डर सुटतात.

हे सगळं करूनही ॲम्पच दोषी निघाला, तर नव्याचा विचार करण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. प्लस आणि ग्राउंड जोडताच फ्यूज उडत असेल तर बहुधा आतल्या पॉवर सप्लायचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले असतात. हे पार्ट महाग नसतात. जाड ॲल्युमिनियमच्या अंगाचा जुना ॲम्प दुरुस्त करून घेणं मला केव्हाही पटतं. नवा घ्यायची वेळ आलीच, तर खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका, फ्यूज बघा. २५ ॲम्पियरचा एक फ्यूज असलेला ॲम्प १३.८ व्होल्टवर बॅटरीकडून साधारण ३४५ वॅट घेतो. जेवढं घेतो त्यापेक्षा जास्त तो सतत देऊ शकत नाही, मग खोक्यावर चार हजार का छापलेले असेनात.

दुकानदारांशी भांडू नका. आधी एफएम आणि पेनड्राइव्हची परीक्षा घरी करा. मग त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणा: ॲम्प गाडीतून काढा, टेबलावर बारा व्होल्टची बॅटरी, एक सुटा स्पीकर आणि माझा मोबाइल लावून माझ्यासमोर चालवून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. टेबलावर वाजला तर फिटिंग दुरुस्त करायचे पैसे द्या, ते त्यांच्या कष्टाचे आहेत. वाजला नाही तर ॲडव्हान्सचं बघा, आणि जुना ॲम्प त्यांच्याकडे न सोडता घरी घेऊन या.